नवी उत्पत्ती, जुना आजार

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकांच्या सदरात अलीकडे आलेली दोन पत्रं मी कापून ठेवली आहेत. पहिलं बार्देशातल्या एका ख्रिस्ती बंधूंचं. त्यांचं म्हणणं असं की, दारू सोडलेली माणसं वर्षानुवर्षं अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभेत उभी राहून ‘मी अल्कोहोलिक आहे’ म्हणत राहतात हे विश्वासात बसत नाही. ख्रिस्तात आलेला माणूस नवी उत्पत्ती असतो, मग जुनं उगाळायचं कशाला? दुसरं पत्र डिचोलीचं. ते गृहस्थ म्हणतात, या सभा चर्चच्या आवारात भरतात, शेवटी प्रार्थना होते, तेव्हा हा व्यसनमुक्तीच्या आडून धर्म बदलण्याचा उद्योग आहे. एकाला आम्ही पुरेसे ख्रिस्ती वाटत नाही, दुसऱ्याला नको इतके वाटतो. मी ख्रिस्ती आहे, मराठी आहे, निवृत्त परिचारिका आहे आणि अल्कोहोलिक आहे. म्हणून दोघांनाही एकाच टपालात उत्तर द्यावं म्हटलं. पत्र लांबणार आहे, कात्री लावायची तर कृपया मधल्या भागाला लावू नये.

मी मूळची मिरजेची. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशनचं इस्पितळ उभं केलं, त्याच्या आजूबाजूला जी ख्रिस्ती कुटुंबं वाढली त्यांतलं आमचं एक. आमच्यात दारू वर्ज्य. वर्ज्य म्हणजे किती, तर आजी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं नातवंडांकडून वाचून घ्यायची आणि त्यात अल्कोहोल निघालं की बाटली परत पाठवून अडुळशाचा काढा करायला बसायची. चर्चमधल्या प्रभुभोजनात दारूऐवजी रस द्यायचा म्हणून काळे मनुके रात्रभर भिजत घातलेले असत. सकाळी पाळकीणबाई ते हाताने कुस्करून पंच्यातून गाळत, बोटं जांभळी होईपर्यंत. अमेरिकेतल्या वेल्च नावाच्या एका दंतवैद्याने १८६९ मध्ये द्राक्षाचा रस तापवून तो आंबू न देण्याची युक्ती काढली, तीही चर्चच्या प्याल्यासाठीच, हे मला पुष्कळ नंतर कळलं. पाळकीणबाईंना वेल्च ठाऊक नव्हता, पण चिंता तीच होती.

शेजारच्या चाळीत एक काका राहत. स्टेशनवर हमाली करायचे आणि मिळेल ते पिण्यात घालवायचे. एका आषाढीला पंढरपूरहून तुळशीची माळ घालून आले आणि विषय संपला. कुणी ग्लास पुढे केला तर काही बोलायचे नाहीत, सदऱ्याच्या आतून माळ बाहेर काढून दाखवायचे आणि परत आत टाकायचे. त्यांच्या बायकोने त्या वर्षी आमच्या घरी नाताळला पहिल्यांदा फराळाचं ताट पाठवलं; तोवर पाठवण्यासारखं घरात काही नसायचंच.

गोव्यात आले ती लग्न होऊन. मिस्टर मुरगाव बंदरात, मी इस्पितळात. इथे आल्यावर लक्षात आलं की मी कुणातच नीट बसत नाही. ख्रिश्चन म्हटलं की लोक कोकणीत बोलू लागतात आणि कुठल्या इगर्जीची, म्हणजे चर्चची, म्हणून विचारतात. मराठी म्हटलं की हळदीकुंकवाचं बोलावणं येतं. दोन्ही एका दमात सांगितलं की क्षणभर शांतता. मुलीच्या शाळेच्या अर्जावर धर्म ख्रिश्चन, मातृभाषा मराठी असं लिहिलं तेव्हा कारकुनाने चष्म्यावरून बघत ‘नक्की ना?’ विचारलं होतं. याच गोव्यात, रायतूरला, फादर स्टीफन्स यांचं मराठी ओव्यांतलं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापून झालं होतं. कारकुनाला ते सांगितलं असतं तरी त्याने अर्ज पुढे सरकवला असता असं नाही. शिवाय हातात सुई घेऊन फिरणारी म्हणून सगळे मला ‘सिस्टर’ म्हणत, त्यामुळे वाड्यावर नवीन आलेली माणसं मला मठातली समजून जरा अदबीने वागत.

पुढे आम्ही फोंड्याला घर केलं. शेजारणी प्रेमळ होत्या, अजून आहेत. पण त्यांच्या तोंडी एक वाक्य सहज यायचं: ‘तुमच्यात चालतंच ना!’ नाताळच्या केकमधल्या रमबद्दल, कुणाकडच्या लग्नातल्या टोस्टबद्दल. सिनेमातला ख्रिश्चन बघून बघून ते पक्कं झालेलं. मी नाईट ड्युटीहून आल्यावर दिवसा झोप यावी म्हणून प्यायला लागले आणि पुढे झोपेचा संबंध उरला नाही, तेव्हा हे वाक्य मला फार उपयोगी पडलं. हिंदू घरातल्या बाईच्या तोंडाला वास आला असता तर चार घरं कुजबुजली असती, कुणीतरी माहेरी कळवलं असतं, थोरल्या जावेने बसवून खडसावलं असतं. माझ्या बाबतीत लोकांनी समजून घेतलं. आमच्यात चालतं ना! आणि मिरजेला तर कळूच द्यायचं नव्हतं, कारण तिथे आमच्यात अजिबात चालत नव्हतं. एका बाजूला माझ्या धर्माबद्दलचा गैरसमज, दुसऱ्या बाजूला माझ्या धर्माची कडक शिस्त. दोन्हींच्या मध्ये एक बाई बरीच वर्षं आरामात पिऊ शकते.

बाकीची कहाणी सगळ्यांचीच सारखी असते, ती सांगत नाही. एकच सांगते. इंजेक्शनच्या औषधाच्या काचेच्या अँप्युलची मान अंगठ्याने मोडायला जोर लागत नाही, हात स्थिर लागतो. एका सकाळी एविलची अँप्युल माझ्या हातात चुरली. दुसरी घेतली, तिचंही तेच. बोटातून रक्त आलं ते गॉझने दाबत मी तिसरीला हात घातला, तेव्हा आमच्या वॉर्डातल्या वयाने मोठ्या कॅथलिक नर्सबाईंनी माझ्या हातातून ट्रे काढून घेतला, इंजेक्शन स्वतः दिलं, नोंद स्वतः केली. ड्युटी संपल्यावर म्हणाल्या, ‘चल म्हजे वांगडा,’ माझ्याबरोबर चल. रोज सकाळी मिस्स, म्हणजे चर्चची उपासना, चुकवत नसे अशी ती बाई. मला वाटलं, पाद्रीकडे नेणार. तिने मला मनोविकार विभागाच्या ओपीडीत नेऊन बसवलं. चर्चच्या आवारातल्या सभेला नेलं ते उपचार होऊन अंगातला कंप गेल्यानंतर. हा क्रम बार्देशातल्या बंधूंनी ध्यानात घ्यावा.

आता त्यांचा मुद्दा. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या पाचव्या अध्यायातलं ते वचन माझंही आवडतं आहे, बाप्तिस्म्याच्या तयारीत पाठ केलेलं. पण पत्र पाचव्या अध्यायाला संपत नाही. बाराव्यापर्यंत जावं. तिथे हे पत्र लिहिणारा तोच प्रेषित पौल म्हणतो की माझ्या शरीरात एक काटा आहे, तो निघावा म्हणून मी प्रभूला तीनदा विनवलं, आणि उत्तर मिळालं की माझी कृपा तुला पुरे आहे. काटा निघाला असं पुढे कुठेही लिहिलेलं नाही. काटा कसला, डोळ्यांचं दुखणं की हिवताप की आणखी काही, यावर पंडितांचं अजून एकमत नाही. तो दारूचा होता असं काही मी म्हणत नाही. पण ‘नवी उत्पत्ती’ आणि ‘न निघालेला काटा’ या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने एकाच पत्रात लिहिल्या आणि त्याला त्यात विसंगती वाटली नाही. पुढे तीमथ्य या आपल्या तरुण सहकाऱ्याला लिहिताना तो पाप्यांमध्ये मी मुख्य ‘आहे’ म्हणतो, ‘होतो’ म्हणत नाही. दिमिष्काच्या वाटेवर प्रभू भेटून आयुष्य पालटल्याला कितीतरी वर्षं झाल्यावर. त्याला कुणी ‘बंधू, तुमचा विश्वास कमी पडतोय’ असं लिहून पाठवलं असेल का?

जाता जाता, याच तीमथ्याला पौलाने पोटासाठी थोडा द्राक्षारस घे असाही सल्ला दिला आहे. पवित्र शास्त्रातलं दुसरं काही ठाऊक नसलेल्या पिणाऱ्यांना ते वचन आणि येशूने पाण्याचा द्राक्षारस केला ते काना गावचं लग्न मात्र हमखास ठाऊक असतं. मलाही होतं.

वॉर्डात पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असलेला रुग्ण आला की त्याच्या केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात ते लाल शाईने लिहायचं, अशी पद्धत. रुग्णाचं नाव खाली निळ्या शाईत असतंच. लाल अक्षराने ते खोडलं जात नाही. पण लाल अक्षर कुणी लाजेपोटी लिहिलं नाही, तर एखाद्या रात्री घाईत कुणीतरी इंजेक्शन देऊन मोकळं होतं. ‘मी अल्कोहोलिक आहे’ हे माझ्या केसपेपरवरचं लाल अक्षर आहे. ते मी देवाला सांगत नाही, त्याला ठाऊक आहे. समोरच्या खुर्चीवर बसलेल्यांना सांगते आणि सांगताना स्वतःला ऐकू जातं. बाप्तिस्म्यात मिळालेलं नाव आहे तिथेच आहे.

बंधूंच्या म्हणण्यात काहीच तथ्य नाही असं मात्र मी म्हणणार नाही. सभेला येणारे काही जण त्या एका वाक्यातच बिऱ्हाड करून राहतात. त्यांना विचारा आज जेवायला काय होतं, तर तेही ते आपल्या पिण्याच्या दिवसांवरून सांगतात. अशांना मी म्हणते, बाबा, आता घरी जा, नातवाचा अभ्यास घे. आणि ज्यांना आधी विश्वासाचं नाव घेऊन मग दुखण्याचं घ्यायचं आहे, त्यांच्यासाठीही वाटा आहेत. कॅलिफोर्नियातल्या एका चर्चमध्ये १९९१ साली सुरू झालेल्या कार्यक्रमात माणूस आधी आपण ख्रिस्ताचे असल्याचं सांगतो, मग कशाशी झगडतो आहोत ते. ज्याला तसं बरं वाटतं त्याने तसं म्हणावं. मिरजेच्या काकांना माळ पुरली. त्यांनी कुठल्या सभेत काही सांगितलं नाही, गावाला सगळं दिसत होतं. मला मात्र एवढ्याने भागलं नाही. मला गोळ्या लागल्या, सभा लागली आणि रविवारची उपासनाही लागली. यातलं कुठलं जास्त उपयोगी पडलं हे वेगळं काढून दाखवता येत नाही, आणि काढायची मला गरजही वाटत नाही.

डिचोलीच्या गृहस्थांसाठी आता त्या सभेची खोली दाखवते, कारण त्यांनी ती पाहिलेली दिसत नाही. ती मुलांच्या कॅटेकिझमची, म्हणजे धर्मशिक्षणाची, खोली आहे. खुर्च्या दुसरी-तिसरीच्या मुलांच्या मापाच्या, बसलं की गुडघे हनुवटीशी येतात. भिंतीवर खडूच्या रंगांत काढलेलं नोहाचं तारू, त्याच्या छपरातून जिराफाची मान बाहेर. चहा घरून आणलेल्या किटलीतला. संध्याकाळी ती खोली रिकामी असते आणि भाडं परवडतं, सभा तिथे भरण्याचं कारण एवढंच. हो, भाडं. पाद्रींनी नको म्हटलं तरी आम्ही ते देतो, कारण बाहेरून मदत घ्यायची नाही, आपला खर्च आपल्या वर्गणीतून भागवायचा, असा अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा नियमच आहे. ज्यांना धर्म वाढवायचा असतो ते अशा नियमाने चालत नाहीत.

खोलीत कोण असतं? नावं सांगायची नसतात, धंदे सांगते. ट्रॉलरवर काम करणारा एक. बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब, ते कायम दाराजवळची खुर्ची धरतात. सत्तरीतला एक जण, त्याच्या घरची काजूची भाटी आहे. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं त्याचा त्याला मनापासून अभिमान आहे, हुर्राकाच्या, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूच्या, दिवसांत धार कशी लागली आहे हे तो अजून नुसत्या वासावरून सांगतो, आणि म्हणूनच मार्च उजाडला की तो भाटी भावावर सोपवून बहिणीकडे राहायला जातो. कुणाचा देव मंगेश, कुणाची म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्र सायबीण. आणि सायबीण मानणारा तो गृहस्थ हिंदू आहे, यात गोव्याच्या माणसाला नवल वाटायचं कारण नाही. सायबीण आणि शिरगावची लईराई देवी या बहिणी-बहिणी मानल्या जातात. बँकेचे साहेब देवच मानत नाहीत. ते म्हणतात, माझ्यापेक्षा मोठं म्हणजे ही बसलेली माणसं. शेवटची प्रार्थना म्हणाल तर चार ओळींची: जे बदलता येत नाही ते सोसायची शांती दे, जे बदलता येतं ते बदलायचं बळ दे आणि दोन्हींतला फरक कळायची बुद्धी दे. ती साहेबही म्हणतात. कुणाला म्हणतात, हे त्यांना कुणी विचारत नाही.

मुळं ख्रिस्ती आहेत, हे मात्र मी लपवणार नाही. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन हा शेअर दलाल आणि डॉ. बॉब स्मिथ हा शल्यचिकित्सक भेटले, ते ऑक्सफर्ड ग्रूप नावाच्या ख्रिस्ती मंडळींच्या ओळखीतून. आपले दोष दुसऱ्या माणसापाशी मोकळे करायचे, ज्यांचं नुकसान केलं त्यांचं भरून द्यायचं, ही शिस्त तिथलीच. आमच्या कॅथलिक सदस्यांना बारा पायऱ्यांतली पाचवी, दोष कबूल करण्याची पायरी कळायला वेळ लागत नाही, लहानपणापासून कुमसार, म्हणजे पाद्रीपाशी पापांची कबुली, केलेलं असतं. पण चार वर्षांतच हे लोक त्या मंडळींपासून वेगळे झाले, आणि १९३९ मध्ये छापल्या गेलेल्या बारा पायऱ्या तयार करताना देवाच्या नावापुढे ‘ज्याला तो जसा समजला तसा’ अशी पुस्ती जोडली गेली. ती जोडायला लावली नास्तिक सदस्यांनी. तेव्हापासून दार उघडंच आहे. धर्म बदलायला येणाऱ्याला तिथे काम नाही, आणि असलेला धर्म सोडायलाही कुणी सांगत नाही.

त्याच अ‍ॅक्रनमधल्या सिस्टर इग्नेशिया माझ्या विशेष आवडत्या. सेंट थॉमस इस्पितळात रुग्ण दाखल करून घ्यायचं काम त्यांच्याकडे होतं. १९३९ मध्ये दारुड्याला इस्पितळात खाट मिळत नसे, तेव्हा डॉ. बॉबच्या रुग्णाला त्यांनी ‘तीव्र जठरदाह’ असं निदान लिहून आत घेतलं. आमच्या धंद्यातल्या बाईने केलेली ही लबाडी मला फार जवळची वाटते. दुर्दैव असं की आजही आपल्याकडे डिस्चार्ज कार्डावर ‘गॅस्ट्रायटिस’ लिहा म्हणून नातेवाईक डॉक्टरांच्या मागे लागतात. तिने ते दार उघडायला लिहिलं, आपण ते झाकायला लिहवून घेतो.

आता तो भाग, ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं. बार्देशातल्या बंधूंनी शेवटी लिहिलं आहे की एका प्रार्थनासभेत हात ठेवून प्रार्थना झाली आणि एका माणसाची दारू त्याच क्षणी सुटली. सुटली असेल, मी प्रभूचे हात बांधायला जात नाही. पण रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबणं हे नुसतं धैर्याचं काम नाही, ते धोक्याचं आहे, आणि हे प्रत्येक पाळकाला, पाद्रीला, भटजीला आणि हवालदाराला ठाऊक असायला हवं. शेवटच्या घोटानंतर काही तासांत हात कापू लागतात, घाम सुटतो. पहिल्या दोन दिवसांत झटका येऊ शकतो. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसं हाका मारतात, ताप चढतो. उपचार झाले नाहीत तर यात माणूस दगावतो. वॉर्डात अशा रुग्णाला आधी थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, आणि मग ग्लुकोज. उलटं केलं तर मेंदूला कायमची इजा होण्याची भीती. कंपाच्या गोळ्या मापून, रोज थोड्या थोड्या कमी करत. हे सगळं मी इतरांना इतक्या वेळा केलं होतं की तेच माझ्यावर करायची वेळ आली तेव्हा मी खाटेवरून नव्या नर्सला क्रम सांगत होते. तिने ऐकून घेतलं, बिचारीने.

आमच्या ग्रूपमधल्या एका तरुणाने मैदानावरच्या अशाच प्रार्थनासभेतून येऊन गोळ्यांची पट्टी कचऱ्यात टाकली आणि बाटलीही फोडली. साक्ष देताना टाळ्या मिळाल्या. त्याला झटका आला तेव्हा टाळ्या वाजवणारं कुणी घरी नव्हतं, म्हातारी आई होती. तो वाचला, जीभ चावल्याची खूण अजून आहे. पौलाबरोबर लूक नावाचा वैद्य हिंडत होता, त्याला पौल ‘प्रिय’ म्हणतो, हेही त्याच शास्त्रात आहे.

उलट्या बाजूची फसगत श्रावणाची. आमच्या हिंदू शेजाऱ्यांतले पिणारे श्रावण कडकडीत पाळतात, कॅथलिक पिणारे करेज्म, म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ, पाळतात, आणि दोघंही तो महिना-दीड महिना पुरावा म्हणून दाखवतात: बघा, मला हवं तेव्हा सोडता येते! चवथ आणि ईस्टर उलटली की पुरावा बाटलीत. मला तर उपास मोडायच्या दिवसाची वाट बघणं हेच दुखण्याचं लक्षण वाटतं.

आणि संपादक महोदय, राग मानू नये, पण ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा छोट्या जाहिराती सगळ्याच वर्तमानपत्रांत येतात. नकळत म्हणजे डाळीत मिसळून. त्या पुड्यांत काय असतं हे घेणारीला ठाऊक नसतं. दारूची घृणा आणणारं जे औषध डॉक्टर देतात ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने, यकृत तपासून देतात, कारण त्यावर प्यायलं तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. घाबरलेली बायको ती पुडी आणते आणि तिला वाटतं आपण प्रेमानेच देतोय. या जाहिराती बंद करता येतील का, ते पाहावं.

बायकांबद्दल थोडं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातले पंधरा वर्षांवरचे ३६.९ टक्के पुरुष आणि ५.५ टक्के स्त्रिया दारू घेतात असं आलं आहे. देशात स्त्रियांचं प्रमाण १.३ टक्के आहे. घेणारी प्रत्येक जण आजारी नसते, पण आजारी असलेल्या कुठे आहेत? आमच्या सभेत बाई म्हणून मी कितीतरी काळ एकटीच होते. गोव्यातल्याच संगात संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत दारूचा त्रास असलेल्यांसाठी केलेलं काम २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांशी थोड्या बैठका झाल्या तर तीन महिन्यांनी ३६ टक्के लोक सावरलेले दिसले, त्या बैठका नसलेल्या गटात २६ टक्के. मोठं काम आहे, आणि ते आपल्या साध्या आरोग्य केंद्रांत झालं. पण त्या अभ्यासात सगळे पुरुषच होते. बायकांचा असा अभ्यास करायचा तर आधी त्या सापडायला हव्यात, आणि त्या सापडत नाहीत कारण संध्याकाळी सात वाजता सभा असते तेव्हा त्या भाकऱ्या थापत असतात. दुपारी तीनला खोली उघडणारी एखादी इगर्ज, एखादं देवस्थान, एखादं वाचनालय पुढे आलं तर किल्ली सांभाळायला आणि चहा करायला मी येईन. देवस्थानाने सभामंडपाशेजारची खोली दिली तर डिचोलीच्या गृहस्थांची शंकाही परस्पर मिटेल.

चर्चना एकच विनंती. प्याल्यात द्राक्षाचा रस ठेवता येत असेल तिथे ठेवावा. एका मंडळीत पाहुणी म्हणून गेले होते, तिथे गोड पोर्ट वाइन होती. मी भाकर घेतली आणि प्याला पुढे दिला, तर शेजारच्या बाई उपासनाभर माझ्याकडे बघत होत्या, मी कुठलं पाप करून आले असेन याचा अंदाज घेत. कॅथलिक मिस्सात बहुतेक वेळा भाविकांना नुसती भाकरच देतात, त्यामुळे आमच्या ग्रूपमधल्या कॅथलिकांना हा प्रश्न येत नाही. त्यांचा प्रश्न फेस्ताच्या जेवणात येतो. फोंड्यातली माझी एक कॅथलिक शेजारीण दर नाताळला कुसवाराच्या ताटात नेवऱ्या, दोदोल सगळं पाठवते आणि केकचा तुकडा वेगळ्या कागदात गुंडाळलेला असतो. त्यातले मनुके रममध्ये नव्हे, संत्र्याच्या रसात भिजवलेले. कागदावर काही लिहिलेलं नसतं. तिला मी कधी काही सांगितलेलं नाही.

आपल्या ‘आजचे कार्यक्रम’ या रकान्यात भजन, नाटक, तियात्र, रक्तदान शिबिर सगळं छापता. त्यात या सभांची वेळ आणि जागा फुकट छापावी, ही विनंती. धर्माच्या मथळ्याखाली नको, आरोग्याच्या खाली चालेल. सोबत एक ओळ कायमची असावी: रोज पीत असाल तर एकदम सोडू नका, आधी डॉक्टरांना भेटा, बांबोळीच्या आयपीएचबी या मनोरुग्णालयात व्यसनावर उपचार होतात आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र कधीही मोफत बोलता येतं. बायकांची दुपारची सभा सुरू झाली तर वेळ मी स्वतः आणून देईन.

माझं नाव छापू नये. लाज वाटते म्हणून नव्हे. छापील मजकुरात सदस्याने आपलं नाव द्यायचं नाही, असा आमच्याकडे संकेत आहे, म्हणजे उद्या मी परत प्यायले तर लोकांनी सभेला नावं ठेवू नयेत आणि नाही प्यायले तर मला डोक्यावर घेऊ नये. कार्यालयाच्या माहितीसाठी नाव-पत्ता वेगळ्या कागदावर दिला आहे. बार्देशातल्या बंधूंना पत्रव्यवहार करायचा असेल तर तो आपल्या कार्यालयामार्फत करावा. मी उत्तर देईन, वचनासकट.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
फोंडा